विश्लेषण : टॉवर फुल्ल, तरी नेट ठप्प! वापरणारे वाढले की नेटवर्कचे नेमके काय होते?

दहावी-बारावीच्या निकालाची दुपार असो, तत्काळ तिकिटाची सकाळ असो, प्रवेश अर्जाची शेवटची रात्र असो किंवा आषाढीचे पंढरपूर. फोनवर एकच अनुभव येतो. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते : ‘लोड जास्त आहे’, ‘सर्व्हर डाऊन आहे’. जणू पाऊस पडावा तशी ही गर्दी आभाळातून कोसळली आणि तिच्यापुढे कुणाचे काही चालले नाही! प्रत्यक्षात किती वापरकर्ते आले की नेटवर्क किती मंदावेल, याचा हिशेब मांडण्याचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. कंपन्या आणि सरकारी यंत्रणा तो मांडू शकतात. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला आणि अर्ज भरणाऱ्या नागरिकाला मात्र तो सांगितला जात नाही. खरी तक्रार तिथे आहे.

नेटवर्क ‘वाटून’ वापरले जाते म्हणजे काय?

आपण महिन्याला पैसे भरतो तेव्हा आपल्यासाठी वेगळी वाट राखून ठेवलेली नसते. घरापासून किंवा फोनपासून पुढे जाणारी वाट शेकडो जणांची सामाईक असते. आपला व्हिडीओ, शेजाऱ्याचा फोटो आणि समोरच्या दुकानातले यूपीआय पेमेंट हे सगळे छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, विभागले जाते आणि एकाच वाटेवरून पुढे जाते. वाट जिथे अरुंद होते तिथे राउटर नावाचे यंत्र या पॅकेटना रांगेत उभे करते. रांगेची जागा संपली की उरलेली पॅकेट टाकून दिली जातात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात.

यात फसवणूक काही नाही. सगळे ग्राहक एकाच क्षणी नेट वापरत नाहीत, या गृहीतकावर ही व्यवस्था उभी आहे आणि त्यामुळेच ती स्वस्त आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होते. किती ग्राहकांमागे किती तारा पुरतील, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९०९ मध्ये त्यांनी त्यावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. दूरसंचारातला भार मोजण्याचे एकक आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. थोडक्यात, गर्दीचा अंदाज बांधणे हे या व्यवसायाचे पहिल्या दिवसापासूनचे काम आहे.

वापरकर्ते दुप्पट झाले की वेग निम्मा होतो का?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. वापरकर्ते वाढतात त्याच प्रमाणात नेटवर्क मंदावत नाही. बराच वेळ काही जाणवतच नाही आणि मग अचानक सगळे ठप्प होते.

समजा, एका मार्गाची क्षमता एक हजार वापरकर्त्यांची आहे आणि त्यांची मागणी अधूनमधून, अनियमितपणे येते. रांगांच्या गणितातले सर्वांत साधे सूत्र असे सांगते : मोकळ्या मार्गावर एका पॅकेटला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ५०० वापरकर्ते असताना लागतो. आठशे झाले की पाचपट, ९०० झाले की दहापट, ९५० झाले की वीसपट आणि ९९० झाले की शंभरपट. पहिल्या पाचशे माणसांनी मिळून जेवढा विलंब वाढवला, त्याच्या कैकपट शेवटच्या पन्नास माणसांनी वाढवला. प्रत्यक्षातली नेटवर्क या साध्या सूत्राहून गुंतागुंतीची असतात, पण आलेखाचा आकार असाच राहतो : आधी जवळपास सपाट आणि शेवटी उभी चढण.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘कालपर्यंत तर व्यवस्थित चालत होते’ याला फारसा अर्थ नाही. नव्वद टक्के भरलेले नेटवर्क आणि कोसळलेले नेटवर्क यांच्यात फार थोड्या वापरकर्त्यांचे अंतर असते. दोन, ‘सरासरी’ वेगाचा आकडा दिशाभूल करतो. दिवसभरातले तेवीस तास उत्तम वेग आणि नेमक्या गरजेच्या तासात शून्य, तरी सरासरी छानच दिसते.

इंटरनेट गर्दीने खरोखर कोसळले होते का?

होय, १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली संकुल यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड, म्हणजे हाकेच्या टप्प्याइतके. त्यांना जोडणाऱ्या मार्गाचा वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून थेट ४० बिटवर आला. आठशे पटींनी घसरण! तार तुटली नव्हती की यंत्र बिघडले नव्हते. पॅकेट पोहोचल्याची पोच उशिरा येत होती. त्यामुळे पाठवणाऱ्या संगणकांना ती हरवली असे वाटत होते आणि ते तीच पॅकेट पुन्हा पाठवत होते. गर्दी होती म्हणून पुन्हा पाठवणे वाढले आणि पुन्हा पाठवण्याने गर्दी आणखी वाढली.

हे कोडे व्हॅन जेकबसन यांनी सोडवले. १९८८ च्या त्यांच्या शोधनिबंधाने दिलेला उपाय साध्या शहाणपणाचा होता : वाट तुंबल्याची चाहूल लागताच प्रत्येकाने आपला वेग स्वतःहून कमी करायचा आणि वाट मोकळी होईल तसा हळूहळू वाढवायचा. हे शिस्तीचे तत्त्व आजही तुमच्या फोनमध्ये काम करते. म्हणून हल्ली गर्दीत इंटरनेट तसे कोसळत नाही, सगळ्यांसाठी थोडे थोडे मंदावते.

फोनला शिकवलेली ही शिस्त माणसाला मात्र शिकवलेली नाही. पान उघडले नाही की आपण ते पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो. आपण सोडून दिलेल्या आधीच्या मागणीवर पलीकडचा सर्व्हर बहुधा काम करतच असतो आणि वर नवी मागणी येऊन पडते. लाखो बोटांनी मिळून १९८६ ची तीच चूक रोज नव्याने घडते.

सिग्नल पूर्ण असूनही नेट का चालत नाही?

फोनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती स्पष्ट येतो एवढेच सांगतात. टॉवरला आपल्याकडे बघायला सवड आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. वर्गात शिक्षकांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, पण साठ मुलांनी एकदम हात वर केले तर साठ जणांना एकाच वेळी उत्तर मिळत नाही.

टॉवरकडे ठरावीक स्पेक्ट्रम असतो आणि त्या भागातले सर्व फोन तो वाटून घेतात. त्यातही टॉवरपासून दूर किंवा जाड भिंतींच्या आड असलेल्या फोनला तेवढीच माहिती पोहोचवायला जास्त वेळ खर्च होतो. म्हणजे वापरकर्त्यांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकेच ते कुठे उभे आहेत हेही महत्त्वाचे. मिरवणुकीत तर गर्दीचा प्रवाह उलटाही असतो. एरवी आपण नेटवरून माहिती घेतो, तिथे हजारो जण एकाच वेळी व्हिडीओ पाठवत असतात. फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट मुळातच अरुंद असते आणि तीच आधी तुंबते.

शिवाय बोलायला सुरुवात करण्यासाठीही फोनला आधी टॉवरकडे हात वर करावा लागतो. दोघांनी एकाच क्षणी हात वर केला तर दोघांचेही वाया जाते. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७० च्या सुमारास उभारलेल्या ‘अलोहा’ या रेडिओ नेटवर्कमध्ये हाच प्रश्न होता. कुणीही कधीही बोलायचे असे ठरवले, तर वाटेच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच कामी येते, हे तिथल्या गणिताने दाखवले. वेळेचे ठरावीक कप्पे पाडून कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलायचे, एवढ्या एका शिस्तीने ते प्रमाण दुप्पट, ३७ टक्क्यांच्या आसपास गेले. क्षमता तेवढीच, वेळेची शिस्त लावली म्हणून काम दुप्पट. हा धडा पुढे सरकारी संकेतस्थळांकडे वळू तेव्हा लक्षात ठेवायला हवा.

फायबर घेतले की प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो, पूर्ण नाही. आपल्याकडे घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये ‘जीपॉन’ हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात एका धाग्यावर सुमारे २,५०० एमबीपीएसची क्षमता असते आणि तो धागा साधारण ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएससुद्धा येत नाहीत. मग प्लॅन शंभराचा असो की तीनशेचा. सहसा अशी वेळ येत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. पण पुढे कंपनीने बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी वाट किती रुंद घेतली आहे, हा प्रश्न उरतोच. रात्री नऊच्या मालिकेच्या आणि सामन्याच्या वेळी नेट अडखळते ते बहुतेक तिथे.

घरातले वायफाय ही आणखी एक सामाईक वाट. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच आहेत आणि सोसायटीतले पन्नास राउटर त्याच तिघांवर दाटीवाटीने बसतात. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन उपयोग नसतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाणे किंवा राउटरची जागा बदलणे स्वस्तात पडते.

मग क्रिकेट चालते आणि अर्ज का अडकतो?

अहमदाबादमध्ये १९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक पाहत असल्याची नोंद झाली. दहावीच्या परीक्षेला राज्यात सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. मग जवळपास सहा कोटींना जे जमले ते पंधरा लाखांना का जमू नये?

एक फरक न्याय्य आहे. सामना सर्वांसाठी एकच असतो. त्याच्या प्रती देशभरातल्या जवळच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि प्रत्येकाला शेजारच्या प्रतीतून चित्र मिळते. तिकीट आरक्षणात तसे नसते. तिथे एकाच आसनावर हजार जण दावा सांगतात आणि ते कुणा एकालाच मिळाले आहे याची खात्री एका जागी करावी लागते. अर्ज भरणे त्याहून जड. कागदपत्रे चढवायची, ओटीपी मागवायचा, शुल्क भरायचे. रांग लांबली की ओटीपीची मुदत संपते, माणूस पुन्हा ओटीपी मागतो आणि रांग आणखी लांबते.

पण निकाल या प्रकारात मोडत नाही. निकाल आदल्या दिवशीच तयार असतो आणि एका गुणपत्रिकेचा आकार नगण्य असतो. म्हणूनच राज्य मंडळ आता अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर तो उपलब्ध करून देते. हा भार वाटून देण्याचा योग्य मार्ग आहे. रेल्वेने २०१५ मध्ये याहूनही साधा उपाय केला : तत्काळची वातानुकूलित तिकिटे सकाळी दहाला आणि बिगर-वातानुकूलित अकराला. नवा सर्व्हर न घेता गर्दीचे दोन भाग झाले. तत्काळची दुखणी त्याने संपली नाहीत, पण ‘गर्दी कधी होणार’ हे ठरवणे यंत्रणेच्या हातात असते, हे त्यातून दिसते.

म्हणून एकाच मध्यरात्री संपणारी मुदत ही तांत्रिक चूक आहे, असे म्हणायला हवे. गर्दी नागरिकांनी केलेली नसते. एक तारीख, एक वेळ आणि एक संकेतस्थळ ठरवणाऱ्याने ती केलेली असते. तिची किंमत मात्र सायबर कॅफेत रात्री बारापर्यंत बसलेली मुलगी भरते. शहरात दोन कंपन्यांचे नेट घरात असलेल्याचा अर्ज जातो आणि एकाच टॉवरवर अवलंबून असलेल्या गावातला राहतो. नेटवर्कची गर्दी सगळ्यांना सारखी बोचत नाही.

ग्राहकाला यातले किती सांगितले जाते?

फारच थोडे. ट्रायने २००९ मध्येच सेवा पुरवठादारांना मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. घरगुती ब्रॉडबँडच्या एका वाटेवर पन्नासपेक्षा आणि व्यावसायिक ब्रॉडबँडवर तीसपेक्षा जास्त वाटेकरी असू नयेत, असे त्यात सुचवले होते. आज जाहिरातीत ‘३०० एमबीपीएसपर्यंत’ हे शब्द मोठ्या अक्षरांत दिसतात, वाटेकऱ्यांचा आकडा दिसत नाही. सगळी गोम त्या ‘पर्यंत’मध्ये आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेला. पण व्याख्येतला किमान वेग आणि रात्री नऊला हाती येणारा वेग यांत महदंतर आहे. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र नकाशावर रंग आहे म्हणून विसर्जनाच्या रात्री नेट मिळेल असे नाही. तो सिग्नलचा नकाशा आहे, क्षमतेचा नाही.

इतर देशांनी हा प्रश्न सोडवला आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीतला वेग हा रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा असावा लागतो. २०१९ पासून तिथल्या ऑफकॉमच्या संहितेत सहभागी कंपन्या विक्रीच्या वेळी किमान हमी-वेग सांगतात आणि तो महिनाभरात सुधारला नाही तर ग्राहकाला दंडाविना करार मोडता येतो. ऑस्ट्रेलियात संध्याकाळी ७ ते ११ या वेळेतला वेग सांगण्याची पद्धत रुजली आहे. अमेरिकेत २०२४ पासून ब्रॉडबँड प्लॅनला खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर असते तशी माहितीची चौकट लावावी लागते. यातले काहीही भारतीय कंपन्यांना तंत्रदृष्ट्या अवघड नाही.

कंपन्यांच्या बाजूने काही म्हणणे आहे का?

आहे, आणि ते ऐकून घ्यायला हवे. वर्षातून एकदा येणाऱ्या गर्दीसाठी बारमाही क्षमता उभारली तर तिचा खर्च प्रत्येकाच्या रिचार्जमध्ये चढेल. दिवाळीच्या गर्दीसाठी कुणी एसटीच्या गाड्या वर्षभर दुप्पट ठेवत नाही. पण एसटी जादा गाड्या सोडते आणि त्या आधी जाहीरही करते. मागणी अमर्याद क्षमतेची नाही. आहे त्या क्षमतेचा खरा आकडा सांगावा आणि ज्ञात गर्दीची तयारी आधी करावी, एवढीच आहे.

सगळ्यांनी मिळून गर्दी आवरता येते याचा दाखलाही जवळचाच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अख्खा देश घरी बसून नेट वापरू लागला. तेव्हा मोठ्या व्हिडीओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर चित्राचा दर्जा ४८०पीपर्यंत मर्यादित ठेवायचे ठरवले. चित्र थोडे धूसर झाले, पण शाळा आणि कार्यालयांचे काम चालू राहिले.

आता काय करायला हवे?

पहिले, ट्रायने प्रत्येक प्लॅनसोबत ‘रात्री ८ ते ११ मधला नेहमीचा वेग’ छापणे बंधनकारक करावे आणि तो सातत्याने न मिळाल्यास ग्राहकाला विनाशुल्क सेवा सोडण्याचा हक्क द्यावा.

दुसरे, लाखो नागरिकांना एकाच संकेतस्थळावर बोलावणाऱ्या सरकारी विभागांनी मुदती विभागून द्याव्यात. जिल्हावार किंवा अर्ज क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवता येतात. अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवावा. रांगेतला क्रमांक पडद्यावर दाखवावा, म्हणजे माणूस रिफ्रेश करत बसणार नाही. संकेतस्थळ शेवटच्या दिवशी काही तास बंद राहिले तर तेवढी मुदतवाढ आपोआप मिळावी. त्यासाठी निवेदने द्यावी लागू नयेत.

तिसरे, मोठ्या यात्रांत नेटवर्क ही सुरक्षेची बाब मानावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरला २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. तिथे फिरते टॉवर लागतील, पण तेवढ्यावर विसंबता येणार नाही. एका भागातल्या सर्व फोनवर एकदम इशारा पोहोचवणारी ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणा देशात २०२३ मध्ये तपासली गेली. फोनवर अचानक वाजलेला तो मोठा भोंगा अनेकांना आठवत असेल. ती एकच संदेश सर्वांसाठी एकदाच प्रसारित करते. त्यामुळे ऐकणारे शंभर असोत वा दहा लाख, टॉवरवरचा भार तोच राहतो. चेंगराचेंगरीची भीती असलेल्या ठिकाणी व्हॉट्सअॅपवरच्या निरोपांपेक्षा ही वाट भरवशाची आहे.

वाचकांच्या हातातही थोडे आहे. गर्दीत व्हिडीओऐवजी साधा एसएमएस करा. तो फार कमी जागा घेतो आणि अनेकदा पोहोचतो. अडलेले पान सारखे रिफ्रेश करू नका. नवा प्लॅन घेताना वेगाची चाचणी दुपारी तीनला न करता रात्री नऊला करा आणि विक्रेत्याला विचारा, ‘या वेळेला किती मिळेल?’ हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर ‘पर्यंत’ या शब्दामागे लपलेला आकडा कधी ना कधी कंपन्यांना सांगावा लागेल.